पोट दुखतें, पण दुखणें कोठें आहे ?

मराठी भाषेंत भीतीचें व काळजीचें वर्णन करणारे जे वाक्प्रचार आहेत, ते नीट पाहिले असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. भयानें आपल्या पोटांत गोळा येतो, वाईट बातमीनें काळजाचें पाणी होतें, परीक्षेच्या दालनांत शिरतांना घशास कोरड पडते, हातापायांतील त्राण जातें, आणि जें कोणास सांगावयाचें नाहीं तें आपण पोटांत ठेवतों. हे शब्द घडविणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं शरीरशास्त्राचीं पुस्तकें वाचलेलीं नव्हतीं. परंतु मनाचें व शरीराचें नातें किती जवळचें आहे हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. नवल हें कीं, हेच वाक्प्रचार रोज तोंडीं असलेले आपण आईबाप व शिक्षक, एखादें मूल खरोखरच पोट धरून समोर उभें राहिलें म्हणजे मात्र दोनच गोष्टी मानतों : एक तर याच्या पोटांत रोग आहे, नाहीं तर हें सोंग करीत आहे. या दोहोंच्या मध्यें एक तिसरी गोष्ट आहे, आणि शाळेंत येणाऱ्या पोटदुखीच्या व डोकेदुखीच्या पुष्कळ तक्रारी तिच्यांतच मोडतात. तिजविषयीं लिहावें असें मनांत येण्यास कारण घडलें तें आमच्याच एका चुकीचें. म्हणून तेंच आधीं सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं जूनमध्यें आमच्या वसतिगृहांत इयत्ता पांचवीचा एक मुलगा दाखल झाला. अंगानें किरकोळ, स्वभावानें अबोल, पण अक्षर मोत्यासारखें. जुलै उजाडला आणि त्याचें पोट दुखूं लागलें. दुखणें बेंबीभोंवतीं, आणि तेंही सकाळच्या पहिल्या तासाच्या सुमारास. सायंकाळीं मैदानावर तो इतरांबरोबर धांवत असे. वसतिगृहाच्या बाईंनीं ओंव्याचें पाणी दिलें, एकदां जंताची गोळी दिली; गुण आला नाहीं. तो पहिला तास नेमका आमच्या व्याकरणाचा. एका आठवड्यांत चौथ्यांदा त्यानें हात वर केला, तेव्हां सर्व वर्गासमक्ष आमच्या तोंडून शब्द निघून गेले, “पोट दुखतें कीं अभ्यास दुखतो ?” वर्ग खदखदून हंसला. मुलगा खालीं बसला.

त्यानंतर आठ दिवस त्यानें तक्रार केली नाहीं. आमची मात्रा लागूं पडली असें आम्हांस वाटलें; आणि लिहितांना संकोच वाटतो, पण ही हकीकत आम्हीं शिक्षकांच्या खोलींत थोड्याशा ऐटीनें सांगितलीही. नवव्या दिवशीं सकाळची प्रार्थना चालू असतां तो पांढराफटक पडला, ओकला आणि जमिनीवर बसला.

डॉक्टरांकडे आम्हीच त्याला घेऊन गेलों. त्यांनीं वजन घेतलें, पोट सर्व बाजूंनीं दाबून पाहिलें, रक्त, लघवी व शौच तपासावयास पाठविलें. दोन दिवसांनीं पुन्हां गेलों तेव्हां सर्व कांहीं ठीक असल्याचें त्यांनीं सांगितलें, आणि मग ते कांहीं न बोलतां मुलाकडे पाहत बसून राहिले. घाईंत असलेले डॉक्टर असते तर पुढील गोष्ट आम्हांस कधींच कळली नसती. थोड्या वेळानें मुलानें खालीं मान घालून विचारलें, “म्हणजे गांठ नाहीं ना ?”

मग हळूहळू उलगडा झाला. त्याला येथें आणून सोडण्यापूर्वीं त्याची आई पोटांत दुखतें म्हणून इस्पितळांत होती. दाराआडून त्यानें मोठ्या माणसांचें बोलणें ऐकलें होतें, कीं तिच्या पोटांत गांठ आहे. त्याला कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. सांगितलें तें एवढेंच, कीं तूं आतां मोठा झालास, रडावयाचें नाहीं, मन लावून शिकावयाचें. ती गांठ साधी होती. शस्त्रक्रिया होऊन आई जुलैच्या आरंभींच घरीं परतली होती. आतां सर्व बरें झालें आहे, तेव्हां पोराला कशास सांगून घाबरवा, असा घरच्यांचा विचार. इकडे पोर मात्र आई गेली असेल, आणि तीच गांठ आपल्याही पोटांत असेल, असें धरून रोज सकाळीं आमच्यासमोर संधि सोडवीत होतें.

त्याचें दुखणें खोटें होतें काय ? मुळींच नाहीं. हें समजण्यासाठीं शरीरांत काय घडतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

मेंदूस धोक्याची चाहूल लागली कीं मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींतून ॲड्रिनलीन नांवाचा स्राव रक्तांत सुटतो. हृदय जलद चालूं लागतें, श्वास भरभर होतो, आणि पोटाकडे जाणारें रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें. समोर वाघ उभा असतां जेवण पचविण्याची घाई नसते. जठराचें काम मंदावतें, मोठ्या आंतड्याची मात्र हालचाल वाढते. परीक्षेच्या दिवशीं शौचकूपापाशीं रांग कां लागते, याचें उत्तर यांत आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं विद्यार्थिदशेंत, १८९६ नंतरच्या वर्षांत, नव्यानेंच सांपडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्यानें मांजरांच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर शांत असेपर्यंत जठर लाटांप्रमाणें हालत राही. तें चिडलें किंवा घाबरलें कीं हालचाल तत्काळ थांबे. त्याच्याही पूर्वीं विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराच्या हातीं अलेक्सी सेंट मार्टिन नांवाचा एक रोगी आला होता. १८२२ सालीं बंदुकीचा बार लागून त्याच्या पोटास भोंक पडलें, तो वांचला, पण भोंक कायम राहिलें. आणि त्यांतून जठराच्या आंत पाहण्याची अपूर्व संधि बोमाँट यांस मिळाली. रागानें वा भीतीनें जठराचें अस्तर कधीं तांबडें व कोरडें, तर कधीं फिकें पडतें, असें त्यांनीं १८३३ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. म्हणजे पोटांत गोळा येणें ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हे.

वाघ येतो आणि जातो. मुलाची काळजी मात्र महिनोन् महिने मुक्कामास असते. आंतड्यांच्या भिंतींत कोट्यवधि मज्जापेशी आहेत, आणि मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी मज्जातंतूंची जी मोठी जुडी आहे तिच्यांतील बहुतेक तंतु खालून वर, म्हणजे पोटाकडील बातमी मेंदूकडे, नेणारे आहेत. ही बातमी देण्याघेण्याची व्यवस्था दीर्घ काळ ताणाखालीं राहिली म्हणजे ती हळवी होते. आंतड्यांत वायु भरून तीं किंचित् फुगलीं तर तुम्हां आम्हांस पत्ताही लागत नाहीं. अशा मुलास तेंच फुगणें वेदना म्हणून कळतें. कपाळाचे व मानेचे स्नायु आखडून राहिले तर डोकें दुखतें. श्वास फार भरभर घेतला गेला तर रक्तांतील कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि त्या चक्करीच्या भीतीनें श्वास आणखी वाढतो. यांतील एकही गोष्ट मूल ठरवून करीत नाहीं.

अशीं मुलें विरळ नसतात. इंग्लंडांत ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ले यांनीं एका सहकाऱ्यासह शाळेंतील १,००० मुलांची पाहणी करून ती १९५८ सालीं प्रसिद्ध केली. तीन महिने वा त्याहून अधिक काळ, निदान तीनदां, नेहमींचे व्यवहार थांबावे इतकें ज्यांचें पोट दुखलें अशीं मुलें दहांत एक या प्रमाणांत त्यांस आढळलीं, आणि त्यांतील फारच थोड्यांच्या शरीरांत रोग सांपडला. अशा मुलांच्या घरांत आईबापांसही दुखण्याखुपण्याच्या तक्रारी अधिक असतात, हेंही त्यांस दिसलें. त्यांची एक खूण डॉक्टर लोक आजही ध्यानांत ठेवतात : दुखणें बेंबीपासून जितकें दूर, तितकी शरीरांत रोग असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडील आजीबाई ‘बेंबी सरकली’ म्हणतात ती बहुधा याच मुलांची. तेलाचा हात फिरविण्यास आमची हरकत नाहीं. पोट जोरानें ओढूं मात्र नये. मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढण्यावर आमचा विश्वास नाहीं, तथापि त्या निमित्तानें आजी नातवापाशीं पाव तास बसते, त्याच्या पाठीवरून हात फिरविते व काय झालें म्हणून विचारते, तो पाव तास पुष्कळ सुशिक्षित घरांत मुलांना मिळत नाहीं, हेंही आम्हांस दिसतें.

या लेखाचा दुरुपयोग होऊं नये म्हणून येथें एक गोष्ट निक्षून सांगतों. आधीं डॉक्टर. मूल झोपेंतून दुखण्यानें उठत असेल, त्याचें वजन घटत असेल किंवा उंची वाढेनाशी झाली असेल, ताप, वारंवार ओकारी, शौचांतून रक्त, लघवीस जळजळ असेल, दुखणें पोटाच्या उजव्या बाजूस खालीं असेल, पहांटे डोकें दुखून ओकारी होत असेल वा नजर अधू झाली असेल, तर मनाचा विचार करीत बसूं नये. साधीं कारणेंही विसरूं नयेत. डोकें दुखतें म्हणून आलेल्या कित्येक मुलांना आम्हीं चष्म्यानें बरें झालेलें पाहिलें आहे. एका मुलीचें पोट रोज दुपारीं दुखत असे. शाळेच्या शौचकूपाच्या दारास कडी नव्हती, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नसे व दिवसभर तशीच बसून राही. बद्धकोष्ठ झालें होतें. कडी बसविली, पाण्याची बाटली रोज संपविण्यास सांगितलें, डॉक्टरांनीं कांहीं दिवस औषध दिलें, आणि तिचें पोट राहिलें. ती कडी वर्षभर कां बसली नव्हती याचें उत्तर आम्हां मोठ्यांपाशीं नाहीं.

डॉक्टरांनीं एकदां नीट तपासून रोग नाहीं असें सांगितल्यावर मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दवाखान्यांत धांवूं नये. प्रत्येक नव्या तपासणीबरोबर मुलाची खात्री होत जाते, कीं आपल्यास असें कांहीं तरी भयंकर झालें आहे जें कोणासच सांपडत नाहीं. त्याचप्रमाणें ‘तुला कांहीं झालेलें नाहीं’ हें वाक्यही बोलूं नये. त्याला दुखत आहे. ‘तुझें पोट खरेंच दुखतें, पण तें धोक्याचें दुखणें नाहीं, काळजीनेंही पोट दुखतें, आणि तें बरें होतें’ असें सांगावें. लहान मुलांनाही हें कळतें. परीक्षेच्या सकाळची आठवण करून दिली कीं पुरे.

यापुढची गोष्ट आईबापांना जड जाते. अमेरिकेंत २००६ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मुलांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी पाजून, मग त्यांच्या आईबापांपैकीं कांहींना दुखण्याकडे लक्ष देऊन विचारपूस करावयास शिकविलें, व कांहींना मुलाचें मन दुसऱ्या गोष्टीकडे वळवावयास शिकविलें. विचारपूस होत राहिली तेथें मुलांच्या तक्रारी जवळ जवळ दुप्पट झाल्या; मन दुसरीकडे वळविलें तेथें त्या निम्म्यावर आल्या. चमत्कार असा, कीं पोटदुखीच्या मुलांच्या आईबापांना मन वळविण्याचा उपायच अधिक घातक वाटत होता. तेव्हां रोज सकाळीं ‘आज पोट कसें आहे ?’ हा प्रश्न विचारणें मायेचें असलें तरी तें मुलास पोटाकडे पाहावयास लावणें होय. मुलानें सांगितलें तर एकवार शांतपणें ऐकावें, पोटाशीं गरम पाण्याची पिशवी द्यावी, आणि बोलणें दुसरीकडे न्यावें. माया मात्र कमी करूं नये, ती दुखणें नसलेल्या वेळीं द्यावी. ज्या घरांत आजारी पडल्यावरच आई जवळ बसते त्या घरांतील मूल वारंवार आजारी पडेल, यांत त्याचा काय दोष ?

शाळा बुडवूं देऊं नये, हें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें शिक्षक म्हणून आपमतलबाचें नव्हे. घरीं राहिल्यानें त्या दिवशीं भय टळतें, म्हणून पोट थांबतें. परंतु दुसऱ्या दिवशीं तेंच भय वाढून समोर उभें राहतें, आणि महिनाभर घरीं राहिलेल्या मुलास उंबरठा ओलांडणें कठीण होऊन बसतें. फार दिवस खंड पडला असेल तर प्रथम दोन तास, मग अर्धा दिवस, असें परत आणावें. त्यासाठीं शिक्षकांशीं आधीं बोलावें. वर्गांत दुखूं लागल्यास घरीं धाडण्याऐवजीं दहा मिनिटें शांत जागीं बसून पोटानें सावकाश श्वास घ्यावा, सोडतांना अधिक वेळ लावावा, आणि मग वर्गांत यावें, असा नेम ठेवल्यास पुष्कळांना उपयोग होतो.

आणि मूळ शोधावें. वहींत तारीख, वेळ व त्यापूर्वीं काय घडलें तें आईबापांनीं गुपचूप टिपून ठेवावें. दोन तीन आठवड्यांत कांहीं तरी उमटतें. दुखणें गणिताच्या वारींच येतें, किंवा वडील रात्रीं उशिरां परतल्याच्या दुसऱ्या सकाळीं, किंवा रिक्षाच्या वेळेस. आम्हीं पाहिलेल्या मुलांत कोणाचा डबा मोठीं मुलें हिसकावून घेत. कोणास मराठी शाळेंतून इंग्रजी माध्यमांत घातल्यावर वर्गांत काय चाललें आहे तेंच कळत नव्हतें. एकाचे वडील २०२१ च्या साथींत गेले, आणि घरांत त्यांचें नांव काढल्यास आई रडते म्हणून त्यानें तें नांव घेणेंच सोडलें होतें. त्याची छाती दुखे. मुलास समोर बसवून ‘बोल, काय होतें तुला ?’ असें विचारून कांहीं निघत नाहीं. शेजारीं बसून मटार सोलतांना, सायकलवरून जातांना, दिवे मालवल्यावर, मुलें बोलतात. बोललीं तर लगेच उपदेश करूं नये. विशेषतः मुलग्यांना ‘मुलगा असून रडतोस ?’ हें विचारणें आपण सोडून द्यावें. डोळ्यांनीं रडण्याची वाट बंद केली म्हणजे पोट रडूं लागतें.

एक मूळ असें आहे कीं तें लिहावयास लेखणी कचरते, परंतु न लिहिणें हा गुन्हा होईल. एखाद्या विशिष्ट माणसाच्या घरीं, शिकवणीस किंवा वाहनांत जाण्याच्या वेळींच मुलाचें वा मुलीचें पोट दुखत असेल, झोपेंत दचकणें वा अंथरूण ओलें होणें नव्यानें सुरू झालें असेल, तर त्या माणसाविषयीं, मग तो कितीही जवळचा वा प्रतिष्ठित असो, मुलाचें म्हणणें शांतपणें ऐकावें व त्यावर विश्वास ठेवावा. २०१२ च्या कायद्यानें असा अत्याचार कळल्यावर पोलिसांस कळविणें प्रत्येकावर बंधनकारक केलें आहे, शाळेवरही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक याचसाठीं आहे.

घरच्या प्रयत्नांनीं दोन तीन महिन्यांत उतार पडला नाहीं, किंवा मूल उदास, एकलकोंडें दिसूं लागलें, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास लाजूं नये. हें कांहीं परवां निघालेलें खूळ नव्हे. मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें बालमार्गदर्शन केंद्र उघडलें तें १९३७ सालीं. विचारांची व वागण्याची सवय हळूहळू बदलविणाऱ्या उपचारांनीं अशा पोटदुखीस उतार पडतो असें अनेक प्रयोगांनीं दिसून आलें आहे. गांवांत तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठींत बोलतां येतें. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणाचें असें दुखत असेल, तर तुम्ही भित्रे किंवा ढोंगी ठरत नाहीं. ज्याच्याशीं बोलावेंसें वाटतें अशा एका मोठ्या माणसास सांगा. तोंडानें जमत नसेल तर चिठ्ठी लिहा. आणि वर्गांत दुसऱ्या कोणाचें दुखत असेल तर हंसूं नका. त्या दिवशीं आमच्या वर्गानें हंसण्याचा धडा आमच्यापासूनच घेतला होता, म्हणून हें सांगण्याचा अधिकार आम्हांस थोडा कमीच आहे.

त्या मुलाचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. त्याच सायंकाळीं वसतिगृहांतून त्याच्या आईशीं फोन लावून दिला. पहिला बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं, नुसता कानाशीं धरून उभा राहिला. वडिलांना बोलावून घेतलें; त्यांनीं गांठ कसली होती, ती कशी काढली, सर्व सांगितलें. दर रविवारीं आईशीं बोलण्याचा नेम झाला. आम्हीं वर्गासमक्ष बोललों होतों, म्हणून वर्गासमक्षच त्याची क्षमा मागितली. दुखणें एका दिवसांत गेलें नाहीं. ऑगस्टभर अधूनमधून येत राहिलें, सप्टेंबरांत विरळ झालें, आणि दिवाळीच्या सुट्टीहून परतल्यावर आम्हांस आठवत नाहीं कीं त्यानें कधीं हात वर केला.

गेल्या वर्षीं, सातवींत असतां, एके दिवशीं चौथ्या तासाला तो पुन्हां आमच्यापुढें येऊन उभा राहिला. “सर, पोट दुखतंय.” आमच्या मनांत क्षणभर जुनेंच विचार आले : परीक्षा जवळ आली आहे, घरीं कांहीं झालें असेल. तरी विचारलें, “कोठें रे ?” त्यानें बेंबीवर हात नेला नाहीं, उजव्या बाजूस, खालीं, एका बोटानें जागा दाखविली, आणि सकाळीं बेंबीजवळ होतें, आतां येथें आलें आहे, असें सांगितलें. कपाळ गरम लागलें. त्याच डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तेथूनच इस्पितळांत पाठविलें, आणि रात्रीं दहा वाजण्याच्या आंत त्याचें सुजलेलें आंत्रपुच्छ काढून झालें होतें. दुसऱ्या दिवशीं भेटावयास गेलों तेव्हां आई उशाशीं बसली होती, आणि तो तिला आपली जखम दाखवूं पाहत होता.